बायपॉड घेताना पैसे नेमके कशाचे मोजायचे?

बायपॉड म्हणजे रायफलच्या पुढच्या भागाला खालून बसवायचे दोन घडीचे पाय. वस्तू साधी, पण किमती पाहून माणूस गोंधळतो. फोटोत जुळे भाऊ वाटणाऱ्या दोन बायपॉडच्या किमतीत दहापट फरक असू शकतो. नाशिकमध्ये एअर रायफलवर हात बसवू पाहणारी तरुण मंडळी सारखी हेच विचारतात: स्वस्तातला चालेल का? माझं उत्तर असं, की स्वस्तातला चालू शकतो, पण कुठे तडजोड चालते आणि कुठे नाही हे कळायला थोडं भौतिकशास्त्र लागतं. ते फार अवघड नाही.

आधी गरज आहे का ते पाहावं. स्पर्धेतली १० मीटर एअर रायफल उभं राहून, कोणत्याही टेकूशिवाय मारतात. स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवलं त्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात तो गुडघ्यावर, पालथा आणि उभा अशा तिन्ही पद्धतींनी खेळला; तिथेही बायपॉड नियमात बसत नाही. पॅरा नेमबाजीत ज्यांना हातानं रायफलचं वजन पेलता येत नाही त्या एसएच-२ गटातल्या खेळाडूंना स्प्रिंगवर बसवलेला स्टँड मिळतो, पण ती वेगळी सोय. तेव्हा ज्या मुलाचं ध्येय जिल्हा-राज्य स्पर्धा आहे त्याच्या आईवडिलांनी हा खर्च करू नये. ते पैसे नेमबाजीच्या चांगल्या जॅकेटकडे आणि छऱ्यांकडे वळवावेत. बायपॉड कामाचा आहे तो पालथं झोपून किंवा टेबलावरून २५-५० मीटरवर कागदी लक्ष्य मारण्याचा छंद असणाऱ्यांना, आणि आपल्या रायफलीला कोणते छर्रे मानवतात हे तपासणाऱ्यांना.

दुसरा प्रश्न रायफलच्या जातीचा, आणि इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. आपल्याकडे बहुतेकांची पहिली एअर रायफल स्प्रिंगची असते. ट्रिगर ओढला की आत दाबून ठेवलेली स्प्रिंग जड पिस्टनला पुढे फेकते, त्यामुळे रायफल मागे येते. पिस्टन पुढे हवेच्या गादीवर आदळून थांबतो, आणि रायफल उलटी पुढे झटकते. हे सगळं छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत होतं. म्हणजे छर्रा अजून नळीत असताना रायफल थरथरत असते, आणि ती कशी थरथरेल हे तिला कुठे, किती घट्ट धरलंय त्यावर ठरतं. कडक पायांवर ठेवलेली स्प्रिंगची रायफल दर वेळी वेगळी उसळते आणि कागदावर छर्रे विखुरतात.

यावरचा उपाय जगभरचे एअर रायफलवाले ‘आर्टिलरी होल्ड’ या नावानं ओळखतात. देवळालीच्या तोफखाना शाळेमुळे नाशिककरांना तोफा परक्या नाहीत. तोफेची नळी आपल्या पाळण्यात मागे सरकते, द्रवाचा बफर तिचा धक्का शोषतो, आणि मागे फाकवलेल्या दोन लांब पायांच्या टोकाचे फाळ जमिनीत रुतून तोफेला धरून ठेवतात. नळीला सरकू द्यायचं, पण दर वेळी त्याच वाटेनं, हे तिथलं तत्त्व. स्प्रिंगची रायफलही तशीच उघड्या तळहातावर सैल टेकवून मारायची असते. तेव्हा स्प्रिंगवाल्यांनी बायपॉड घेऊच नये, असं मी स्पष्ट सांगतो. तळहाताखाली मऊ पिशवी पुरते.

पीसीपी, म्हणजे आधीच भरलेल्या दाबाच्या हवेवर चालणारी रायफल, हिचं गणित निराळं. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटर वेगानं सुटला, तर त्याचा संवेग ०.०९ किग्रॅ-मीटर प्रतिसेकंद होतो. चार किलोच्या रायफलीला यातून मिळणारा मागचा वेग सेकंदाला जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर. पॉइंट टू टू, म्हणजे ०.२२ इंच नळीच्या, बारुदी काडतुसाचा धक्का याच्या सुमारे दहापट असतो. पीसीपीला उसळीच नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून बायपॉडवर ती शांत बसते. पुढचं सगळं तिच्याविषयी.

आता मुख्य गोष्ट. दोन पायांवर काहीच उभं राहत नाही. कोणत्याही तीन बिंदूंतून एक प्रतल जातंच, म्हणून तीन दगडांची चूल ओबडधोबड जमिनीवरही डुगडुगत नाही. बायपॉडवरच्या रायफलीचा तिसरा दगड म्हणजे मागचा दस्ता, आणि तो टेकलेला असतो आपल्या खांद्यावर. खांद्यामागे श्वास आहे, नाडीचे ठोके आहेत, आणि स्नायूंचा सेकंदाला ८ ते १२ वेळा होणारा बारीक कंपही आहे, जो निरोगी माणसालाही असतो. पुढे कितीही महागडा बायपॉड लावा, हा तिसरा आधार हलत राहतो. म्हणून दस्त्याखाली वाळूची किंवा तांदळाची घट्ट भरलेली छोटी पिशवी ठेवावी आणि ती मुठीत दाबून उंची कमीजास्त करावी. जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून घेतली तर खर्च नगण्य, आणि नेमात पडणारा फरक मात्र मोठा. साधा बायपॉड आणि मागे पिशवी ही जोडी, पिशवीशिवायच्या भारी बायपॉडपेक्षा मला नेहमी सरस वाटत आली आहे.

मग बायपॉडमध्ये पैसे कशाचे? सांध्यांचे. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही; तो वस्तू हातात घेताच हलवून बघतो आणि म्हणतो, ‘प्ले आहे’, म्हणजे सांध्यात सैलपणा आहे. हा प्ले किती महागात पडतो पाहा. बायपॉड आणि दस्त्याचा टेकू यांत ७० सेंमी अंतर धरू. पुढचं टोक १ मिमी जरी सरकलं, तरी १० मीटरवर नळीचा रोख १४ मिमीनं बदलतो आणि २५ मीटरवर जवळजवळ ३६ मिमीनं. इथे एक बारकावा आहे. आपण स्कोपमधून, म्हणजे रायफलवर बसवलेल्या नेमाच्या दुर्बिणीतून, बघत असतो, त्यामुळे नेम धरताना झालेली हालचाल दिसते आणि दुरुस्तही होते. नुकसान होतं ते ट्रिगर दाबताना सांधा एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर निसटला तर. म्हणून अनुभवी लोक रायफल खांद्यानं किंचित पुढे रेटून ठेवतात, म्हणजे सगळा सैलपणा एकाच दिशेला जाऊन बसतो. रेटा दर वेळी सारखा मात्र हवा. थोडा प्ले असलेला बायपॉड या सवयीनं निभावतो; जो कुठल्याही दिशेला लटपटतो तो निभावत नाही.

पायांचा ताठपणा ही दुसरी बाब. एका टोकाला पक्का धरलेला दांडा आडव्या जोरानं किती वाकेल हे त्याच्या लांबीच्या तिसऱ्या घातावर अवलंबून असतं. पालथं झोपून मारण्याचे बायपॉड बहुधा ६ ते ९ इंचांचे असतात. पाय ६ वरून ९ इंचांवर ओढला की लांबी दीडपट होते आणि वाकणं जवळजवळ साडेतीनपट. उलट भरीव दांड्याची जाडी १० वरून १२ मिमी केली की ताठपणा दुपटीहून वाढतो. त्यामुळे १३-१४ इंचांपर्यंत ओढता येणारा बारीक पायांचा बायपॉड ‘सगळ्याला चालेल’ म्हणून घेण्यात अर्थ नाही. आपल्या अंगयष्टीला पुरेल तो सर्वांत बुटका घ्यावा आणि तोही होईल तितका आखूड ठेवून वापरावा.

धातूचं म्हणाल तर अॅल्युमिनियमचे पाय हलके आणि पुरेसे ताठ. पोलाद सुमारे तिप्पट ताठ, पण वजनालाही तिप्पट. फायबर घातलेलं प्लास्टिक खूप लवचिक असलं तरी जाड घडवलं तर काम भागवतं. स्वस्त नकलांची खरी दुखरी जागा म्हणजे बिजागरीचा ओतीव भाग: तिथे बऱ्याचदा जस्ताचा मिश्रधातू असतो, पिनेचं भोक झिजून लंबगोल होतं आणि रिव्हेट मारलेला असेल तर कसताही येत नाही. रिव्हेटऐवजी स्क्रू आणि लॉकनट असलेला सांधा शोधावा. भोकाभोवती धातू जाड असेल तर ओळखीच्या टर्नरकडून (लेथवाल्याकडून) भोक रीम करून, म्हणजे पुन्हा नीट गोल कापून, त्यात पितळी बुश (कडं) बसवून घेता येतो. नाशिकसारख्या कारखान्यांच्या गावात ही सोय वापरायलाच हवी.

कलण्याची सोय, म्हणजे नळीचा रोख तोच ठेवून रायफल डाव्या-उजव्या कुशीवर किंचित झुकवून घट्ट करता येणं, ही चैन नाही. रायफल कललेली असेल तर छर्रा बाजूला जातो, कारण स्कोपची जुळणी छर्रा सरळ खाली पडेल असं धरून केलेली असते. १० मीटरवर छर्रा सुमारे १८ मिमी खाली येतो. रायफल ५ अंश कलली तर तो दीड मिलिमीटर बाजूला लागेल. दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो! २५ मीटरवर छर्रा १२ सेंमीच्या आसपास पडतो आणि तेवढ्याच कलण्याची चूक १ सेंमीपर्यंत जाते. न कलणाऱ्या बायपॉडवर ही दुरुस्ती एक पाय खाचेनं वरखाली करून करावी लागते. पायांत २० सेंमी अंतर आणि खाच १ सेंमीची धरली, तर एक खाच म्हणजे जवळजवळ ३ अंश. इतक्या मोठ्या पावलानं रायफल सपाट होतच नाही. म्हणून कलण्यासाठी आणि ते घट्ट करणाऱ्या खटक्यासाठी जास्तीचे पैसे जरूर द्यावेत, आणि स्कोपवर छोटी पाणसळ लावावी. नळीचा रोख डावी-उजवीकडे फिरवण्याच्या सोयीसाठी मात्र देऊ नयेत. कागद जागचा हलत नाही, आणि प्रत्येक जादा सांधा म्हणजे जादा प्ले.

जोडणीबद्दल थोडं. बायपॉड बहुधा रायफलवरच्या खाचांच्या पट्टीला, म्हणजे रेलला, आवळतात. पिकाटिनी या प्रकारच्या रेलच्या खाचा ५.२३ मिमी रुंद आणि १०.०१ मिमी अंतरावर ठरलेल्या असतात. वीव्हर या दुसऱ्या प्रकारच्या रेलच्या खाचा अरुंद, त्यामुळे पिकाटिनीचा क्लॅम्प तिथे बसेलच असं नाही. आपल्या रायफलीवर काय आहे ते मोजून घ्यावं. नळीलाच आवळायचा क्लॅम्प कितीही स्वस्त असला तरी नको. तो नळीवर ताण देतो आणि छर्रा लागण्याची जागा सरकते.

जमिनीप्रमाणे टोकं बदलतात. सिमेंटच्या कट्ट्यावर रबर, मुरमाच्या जमिनीवर अणकुचीदार टोकं. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत एक पाय ५ मिमी जास्त रुतला, तरी रायफल जवळजवळ दीड अंश कलते. खाली प्लायवूडचा तुकडा टाकावा. निफाडच्या थंडीत आणि एप्रिलच्या उन्हात धातू आकसतो-प्रसरतो त्याची काळजी नको. ३० अंशांच्या फरकानं २० सेंमीचा अॅल्युमिनियमचा पाय ०.१४ मिमी वाढतो, आणि दोन्ही पाय सारखेच वाढतात.

कायद्याचंही सांगायला हवं. ०.१७७ इंच बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. वर हिशेबात घेतलेल्या छऱ्याची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास येते. परवाना नाही म्हणजे मोकळीक आहे असं मात्र नाही. छर्रा शेकडो मीटर जाऊ शकतो, म्हणून कागदामागे मातीचा उंच बांध हवाच. आणि गंगापूर धरणाच्या काठी किंवा नांदूरमध्यमेश्वरला पाखरांवर नेम धरणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळालाय. तिथे दुर्बीण घेऊन जावं.

दुकानात शक्य असेल तर स्वतःची रायफल रिकामी करून न्यावी, बायपॉड लावून पाय काउंटरवर हातानं दाबून धरायला सांगावेत आणि दस्ता हलकेच पिळून बघावा. खरी परीक्षा रेंजवर. २५ मीटरवर आधी पुढेमागे वाळूच्या पिशव्या ठेवून पाच-पाच छऱ्यांचे चार गट मारा, मग पुढची पिशवी काढून बायपॉडवर तसेच चार. दोन्हींचा पसारा सारखा आला तर तो बायपॉड, किंमत काहीही असो, तुमच्या रायफलीला पुरेसा आहे. बायपॉडवरचे गट सातत्यानं मोठे येत असतील तर सांधे कसून पुन्हा मारा, आणि तरीही फरक पडला नाही तर परत करण्याची मुदत संपायच्या आत तो दुकानात पोचवा.