सीआरपी ६, की ०.६?

रविवारी सकाळी रामबागेतले आमचे शेजारी काका फाइल घेऊन आले. पोहे पुढे ठेवले तर त्यांनी नुसतं जिरावन भुरभुरलं आणि प्लेट बाजूला सरकवली. त्यांच्या थोरल्या भावाला, म्हणजे दादांना, लिव्हरचा कॅन्सर आहे, इम्युनोथेरपी (शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारे उपचार) सुरू करायचं चाललंय, आणि पुतण्याने मोबाइलवर कुठला तरी स्कोअर काढून घरभर रडारड करून ठेवलेली. मी कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवायचो एवढ्यावरच लोक माझ्याकडे रिपोर्ट आणतात. औषधाचं मी काही बोलत नाही, पण आकडा कुठून येतो ते सांगतो.

२०२० मध्ये लिव्हरच्या कॅन्सरवर ॲटेझोलिझुमॅब (हे इम्युनोथेरपीचं) आणि बेव्हॅसिझुमॅब ही औषधांची जोडी सोराफेनिब या जुन्या औषधापेक्षा सरस ठरली, पण गाठ नीट आकसते ती साधारण शंभरातल्या तिसांचीच. आता हे तीस कोण, ते आधी कळावं म्हणून सगळी धडपड. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये गाठीतलं पीडी-एल१ नावाचं प्रोटीन बघतात, लिव्हरमध्ये त्यावर फारसा भरवसा ठेवता येत नाही. जनुकांच्या महागड्या तपासण्यांचंही अजून पक्कं काही नाही.

आणि गंमत म्हणजे कामाला येतात त्या दोन साध्या रक्ततपासण्या. एक एएफपी. पोटातल्या बाळाचं लिव्हर हे प्रोटीन भरपूर बनवतं, जन्मानंतर ते दुकान जवळजवळ बंद होतं, कॅन्सरच्या पेशी ते परत उघडतात (सगळ्या नाही हं, बऱ्याच रुग्णांत एएफपी नॉर्मलच असतो). दुसरी सीआरपी, तीही लिव्हरच बनवतं, अंगात सूज-जळजळ असली की वाढते, आणि अशी जळजळ सतत चालू असेल तर इम्युनोथेरपीचा जोर पडत नाही असं दिसतं.

२०२२ मध्ये व्हिएन्नाच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने यावरून क्राफिटी स्कोअर आला. एएफपी १०० किंवा जास्त तर एक पॉइंट, सीआरपी १ किंवा जास्त तर अजून एक, संपलं. शून्यवाल्यांचं मध्यम आयुष्य सुमारे २७ महिने निघालं, एकवाल्यांचं ११, दोनवाल्यांचं ६. मध्यम म्हणजे निम्मे लोक त्याहून जास्त जगले, हे काकांना दोनदा सांगावं लागलं.

मग मी रिपोर्ट बघितला. एएफपी ३४०, सीआरपी ६. पुतण्याने ६ टाकले म्हणून स्कोअर दोन. पण बारीक अक्षरात बाजूला युनिट होतं, मिलिग्रॅम प्रति लिटर! स्कोअरमधला १ आहे तो प्रति डेसिलिटरचा, म्हणजे लिटरमध्ये १०. दादांची सीआरपी खरं तर ०.६, पॉइंट एकच. आपल्याकडच्या बऱ्याच लॅब लिटरमध्येच छापतात, ॲप काही विचारत नाही, आणि माणूस रात्रभर झोपत नाही.

एकच पॉइंट म्हणून नाचायचंही नाही. दाढ सुजली, ताप आला तरी सीआरपी चढते, गरोदरपणात किंवा हिपॅटायटिसमध्ये एएफपीही वाढतो. शिवाय लिव्हर मुळात किती धड आहे, ते अल्ब्युमिन-बिलिरुबिनवरून डॉक्टर वेगळं बघतात.

मला स्वतःला एका दिवसाच्या आकड्यापेक्षा त्याची चाल जास्त पटते. ॲटेझोलिझुमॅब-बेव्हॅसिझुमॅबच्या जोडीवर सहा आठवड्यांत एएफपी ७५ टक्के किंवा त्याहून जास्त उतरला, तर फायदा होण्याची शक्यता बरीच वाढते असं दिसलंय. दादांच्या बाबतीत म्हणजे ३४० चे ८५ किंवा खाली. काकांनी ८५ फाइलच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं. म्हटलं, तेव्हाची तपासणी त्याच लॅबमधून करा, लॅबची पद्धत बदलली तरी आकडा हलतो.