व्हॅक बॅन चुकत नाही म्हणे!

‘व्हॅक बॅन लागलाय ना? मग पोरगा चीटरच.’ काउंटर-स्ट्राइक हा कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्यांत हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. व्हॅक म्हणजे व्हॉल्व्ह या गेम कंपनीची, चीट (फसवून जिंकायला मदत करणारे प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांना पकडून बाद करणारी यंत्रणा. मशीन खोटं बोलत नसेल, पण फसतं.

जुलै २०१० मध्ये ‘मॉडर्न वॉरफेअर २’ या गेमच्या सुमारे १२,००० खेळाडूंवर व्हॅकने नाहक बॅन टाकला. स्टीम, म्हणजे व्हॉल्व्हचा गेम विकणारा आणि चालवणारा प्लॅटफॉर्म, हा गेम अपडेट करत असताना डिस्कवरची फाइल आणि मेमरीतली तिची प्रत जुळली नाही. सिस्टिमला वाटलं, कोणीतरी छेडछाड केली! व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी माफी मागितली, बॅन उठवले, वर ‘लेफ्ट फोर डेड २’ हा गेम फुकट दिला.

ऑक्टोबर २०२३ मध्ये तर गुन्हा ग्राफिक्स ड्रायव्हरचा. ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एएमडीचं, गेममधला विलंब कमी करणारं ‘अँटी-लॅग प्लस’ हे सेटिंग गेमच्या इंजिन फाइलमध्ये हात घालायचं, अगदी चीट घालतं तसंच. सेटिंग ऑन केलेले ‘काउंटर-स्ट्राइक २’चे खेळाडू बाद! एएमडीने तो ड्रायव्हर मागे घेतला.

दोन्ही वेळा चूक कंपनीने मान्य केली म्हणून निस्तरली. एरवी स्टीम सपोर्ट व्हॅक बॅन उठवत नाही, नेमकं काय सापडलं तेही सांगत नाही. सांगितलं तर चीट बनवणारे शहाणे होतील, हे खरंच; पण एकट्यादुकट्याने आपली बाजू मांडायची कशावर?