नेपाळची शस्त्रखरेदी आणि भारताची हरकत: पार्श्वभूमी

नेपाळ आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यातला सुगौलीचा तह सीमेच्या भांडणात आजही निघतो, पण भारत-नेपाळ संबंधांतला सुरक्षेचा गुंता सुरू होतो तो ३१ जुलै १९५० च्या शांतता आणि मैत्री करारापासून. नेपाळतर्फे सही केली राणा राजवटीने, आणि ती पुढच्या फेब्रुवारीत कोसळली. कराराच्याच दिवशी दोन्ही सरकारांनी एकमेकांना दिलेली पत्रे १९५९ पर्यंत गुप्त राहिली. वर्षभराची नोटीस देऊन करार रद्द करता येतो. काठमांडूतल्या एकाही सरकारने ती दिलेली नाही, विरोधात असताना मागणी मात्र बहुतेकांनी केली.

खरी मेख पाचव्या कलमात आहे. नेपाळला भारतातून किंवा भारतामार्गे शस्त्रे आणण्याची मोकळीक असेल, पद्धत दोघांनी सल्लामसलतीने ठरवावी, एवढेच ते सांगते. उत्तरेकडून, म्हणजे चीनच्या बाजूने, आणली तर? तेव्हा तिकडून मोटाररस्ताच नव्हता, त्यामुळे हा प्रश्न कोणाला पडला नसावा. साठच्या दशकात चीनच्या मदतीने काठमांडूहून तिबेटच्या सीमेवरच्या कोदारीचा रस्ता झाला. १९६५ च्या गुप्त समझोत्यात भारताने शस्त्रपुरवठा अंगावर घेतला. तो कमी पडला तर अमेरिका आणि ब्रिटन. चीनला त्यात जागा नव्हती. १९६९ मध्ये नेपाळच्या पंतप्रधानांनी हा समझोता संपल्याचे जाहीर केले आणि उत्तर सीमेवरच्या ठाण्यांतली भारतीय माणसे परत पाठवली. दिल्लीच्या लेखी समझोता संपलेला नव्हता.

म्हणूनच १९८८ मध्ये चीनकडून घेतलेली शस्त्रे तिबेटमार्गे आली तेव्हा दोघे दोन वेगळे कागद पुढे करत होते: नेपाळ १९५० चा, भारत १९६५ चा. १९५० च्या कलमावर बोट ठेवले तर नेपाळची बाजू भक्कम दिसते. शस्त्रे भारतामार्गे आलीच नव्हती. पण त्यात विमानविरोधी तोफा होत्या, आणि त्या कोणाच्या विमानांसाठी, हा दिल्लीचा प्रश्नही बिनबुडाचा म्हणता येत नाही.

मार्च १९८९ मध्ये व्यापाराचे आणि पारगमनाचे (म्हणजे भारतातून माल नेण्या-आणण्याचे) करार मुदत संपून गळाले. दोन्हींचा मिळून एकच करार हवा, असा भारताचा आग्रह होता. नेपाळमधल्या भारतीयांवर लादलेल्या कामाच्या परवान्यांचाही राग होता. शस्त्रांचे कारण अधिकृतपणे पुढे केले गेले नाही, पण ते सगळ्यांना ठाऊक होते. सीमेवरची दोन नाकी सोडून बाकी बंद झाली. रॉकेल मिळेना, लोक सरपणाकडे वळले, जंगले तुटली. वर्षभरात पंचायत व्यवस्था, म्हणजे राजाची पक्षविरहित राजवट, हीही गेली. तिच्या पडण्यामागे हा एकच धक्का नव्हता, पण मोठा होता. जून १९९० मध्ये नव्या सरकारने संरक्षणविषयक बाबींत आधी सल्लामसलत करण्याचे मान्य केले आणि नाकी उघडली. करारात नसलेली अट अशी कोंडीतून पदरात पडली.

२०१५ मध्ये नेपाळच्या नव्या संविधानावरून तराईत, म्हणजे भारताला लागून असलेल्या दक्षिणेकडच्या सपाट भागात, आंदोलन पेटले आणि सीमा पुन्हा तुंबली. आपण नाकेबंदी केल्याचे भारताने नाकारले. नेपाळने पुढच्याच वर्षी चीनशी पारगमन करार केला. १९५० च्या कराराचा फेरविचार करण्यासाठी दोन्ही देशांनी मिळून नेमलेल्या जाणकारांच्या गटाचा अहवाल २०१८ मध्येच तयार झाला. त्यानंतर कित्येक वर्षे तो स्वीकारायला दिल्लीला सवड झाली नाही.