रानबदकांचा माग: अंगठीपासून उपग्रहापर्यंत

जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंबा गावात बर्ड फ्लूने शेकडो कोंबड्या दगावल्या. असं काही झालं की बोट हमखास जातं ते पाहुण्या पक्ष्यांकडे. हा संशय जुनाच आहे. किंबहुना रानबदकांचा माग काढायला भारतात पैसा आला, तो बराचसा या संशयापोटीच.

मराठवाड्यात ही बदकं पाहायची तर नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. धरण १९७६ मध्ये पूर्ण झालं, १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य जाहीर झालं. पाणी ओसरलं की काठावर गाळपेरा होतो आणि त्याच उथळ चिखलात थापट्या, तलवार बदक, चक्रांग चरताना दिसतात. ती येतात कुठल्या वाटेने?

पक्ष्याच्या पायात क्रमांकाची ॲल्युमिनियमची अंगठी घालण्याची पद्धत १८९९ मध्ये मॉर्टेन्सन या डॅनिश शिक्षकाने रुळवली. आपल्याकडे १९५७ मध्ये शिमोग्याच्या जंगलात क्यासनूर ज्वराने डोकं वर काढलं. त्याचा विषाणू पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून येतो का, या शंकेमुळे जागतिक आरोग्य संघटनेने मदत दिली आणि पक्षीतज्ज्ञ सालिम अलींच्या देखरेखीखाली बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने) हजारो पक्ष्यांना अंगठ्या घातल्या. राजस्थानातल्या भरतपूरच्या बदकांच्या अंगठ्या थेट सायबेरियात सापडल्या. पण पत्ता कळायचा तो बदक मेल्यावर किंवा पुन्हा पकडलं गेल्यावर. मधला सगळा प्रवास कोराच.

१९६० च्या सुमारास अमेरिकेत विल्यम कॉक्रनने एका बदकावर रेडिओ ट्रान्समीटर बसवला. त्याचा संदेश ऐकायला मात्र अँटेना घेऊन मागे फिरावं लागे. १९७८ मध्ये आर्गोस उपग्रहयंत्रणा आली आणि ती पायपीट थांबली. तरी घोडं अडलं वजनावर. पाठीवरचं ओझं पक्ष्याच्या वजनाच्या साधारण ३ टक्क्यांपुढे जाऊ नये, असा संकेत आहे. म्हणजे ८०० ग्रॅमच्या तलवार बदकाला २४ ग्रॅम, तर ३०० ग्रॅमच्या चक्रांगाला जेमतेम ९. त्यामुळे आधी नंबर लागला हंस-गरुडांचा.

२००५ मध्ये चीनच्या छिंगहाय सरोवरावर एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूने हजारो रानपक्षी मेले, २००६ मध्ये आपल्या नवापूरला कोंबड्या. पुन्हा पैसा आला. २००८ च्या डिसेंबरात ओडिशाच्या चिलिका सरोवरावर बदकांच्या पाठीवर सौर ट्रान्समीटर चढले. पट्टकादंब हंस एव्हरेस्टवरून उडतात ही आवडती दंतकथा अशाच नोंदींनी खाली आणली: बहुतेक उड्डाण ६,००० मीटरच्या आत, तेही रात्री किंवा पहाटे.

आताची काही यंत्रं मोबाइल नेटवर्कवर चालतात. उत्तरेच्या दलदलीत रेंज नसते, तेव्हा नोंदी यंत्रातच साठतात आणि बदक रेंजमध्ये परतलं की एकदम उतरतात.