गाठीच्या रक्तवाहिन्या नेमक्या कोणाच्या?

कर्करोगाची गाठ एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढायची तर तिला नव्या रक्तवाहिन्या लागतात, ही मांडणी १९७१ची. गाठ इशारा देते, शेजारच्या निरोगी वाहिन्यांना फुटवे येतात. व्हीईजीएफ हे प्रथिन त्यातला मुख्य इशारा. तो अडवणारे बेव्हासिझुमॅब हे औषध २००४ मध्ये अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झाले.

गाठीतल्या मूळपेशी, म्हणजे नव्याने गाठ उभी करू शकणाऱ्या पेशी, या कथेत उशिरा शिरल्या. २००६ मध्ये दिसले की मेंदूतल्या ग्लायोमा या गाठीतल्या मूळपेशी इतर गाठपेशींपेक्षा कितीतरी जास्त व्हीईजीएफ सोडतात. पुढच्याच वर्षी कळले की त्या केशवाहिन्यांना बिलगून राहतात आणि तिथूनच त्यांचे मूळपेशीपण टिकते. इथवर फारसा वाद नव्हता.

वाद पेटला २०१० मध्ये. संशोधकांच्या दोन गटांनी एकाच वेळी सांगितले की ग्लायोब्लास्टोमाच्या, म्हणजे सर्वांत आक्रमक ग्लायोमाच्या, मूळपेशी स्वतःच वाहिनीचे अस्तर बनतात. एका गटाच्या मोजणीत अस्तरातल्या २० ते ९० टक्के पेशींत गाठीचेच जनुकीय बिघाड होते. म्हणजे ‘गाठ मागते, शरीर पुरवते’ हे चित्रच उलटे! आकडा गाजला, पण २० आणि ९० यांत केवढे अंतर आहे, याकडे फार कोणी पाहिले नाही. नंतरच्या तपासण्यांत अशा पेशी क्वचितच आढळल्या. अस्तर इतके पातळ असते की चिकटून बसलेली गाठपेशी त्याचाच भाग वाटू शकते. शिवाय मूळपेशी ओळखायला वापरलेली सीडी१३३ ही खूण अस्तराच्या पूर्वज पेशींवरही असते. मग परीक्षानळीत वेगळी काढलेली पेशी कोणाची? २०१३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून वेगळेच पुढे आले: या मूळपेशी बहुतेक वेळा अस्तर नव्हे, तर त्याला बाहेरून आधार देणाऱ्या पेरिसाइट पेशी बनतात. मला हे जास्त पटते.

यात ‘व्हॅस्क्युलोजेनिक मिमिक्री’ या शब्दाने गोंधळ वाढवला. १९९९ मध्ये डोळ्याच्या मेलॅनोमाबद्दल (रंगद्रव्यपेशींच्या कर्करोगाबद्दल) तो आला तेव्हा अर्थ होता अस्तराविना, गाठपेशींनीच आखलेले रक्तमार्ग. आता मूळपेशी अस्तर बनल्या तरी काहीजण तोच शब्द लावतात.

उपचारात याचे पडसाद उमटले. २०१४ मध्ये ग्लायोब्लास्टोमाच्या नव्या रुग्णांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. बेव्हासिझुमॅबने गाठीची वाढ काही महिने लांबली, आयुष्य मात्र वाढले नाही. त्याचे खापर सर्रास मूळपेशींवर फोडले जाते. पण ग्लायोब्लास्टोमा मेंदूतल्या आयत्या वाहिन्यांच्या कडेनेही पसरतो, आणि तिथे नवी वाहिनी लागतच नाही.