आधी स्पीकर, मग माइक, शेवटी कॅमेरा : रिमोट डेस्कटॉपच्या सेटिंगमागची पार्श्वभूमी

इंदूरच्या लोकमान्यनगर, सुदामानगर भागांतल्या मराठी घरांतून नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जाणे नवे नाही. मार्च २०२०च्या टाळेबंदीनंतर यांतले काही जण घरी परतले आणि घरच्याच लॅपटॉपवरून कंपनीच्या व्हर्च्युअल डेस्कटॉपवर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर चालणाऱ्या आणि दुरून वापरायच्या संगणकावर, काम करू लागले. तेव्हापासून ऐकू येणारी तक्रार साधारण एकाच साच्याची आहे : साहेबांचे बोलणे ऐकू येते, पण आपले त्यांना जात नाही, खटपट करून माइक सुरू झालाच, तर कॅमेरा सापडत नाही. खापर बहुधा इंटरनेटवर फुटते. ते दर वेळी रास्त नसते, कारण आवाज ऐकणे, आवाज पाठवणे आणि चित्र पाठवणे या तीन सोयी रिमोट डेस्कटॉपला, म्हणजे दूरचा संगणक वापरण्याच्या तंत्राला, वेगवेगळ्या काळात जोडल्या गेल्या आणि त्यांच्या सेटिंगही तशाच सुट्या राहिल्या.

दूरच्या संगणकाचा पडदा आपल्यासमोर आणायचा आणि आपल्या कीबोर्डच्या व माउसच्या हालचाली तिकडे पोहोचवायच्या, एवढीच या तंत्राची मूळ कल्पना होती. सिट्रिक्स कंपनीचे विनफ्रेम हे अशा कामाचे सॉफ्टवेअर १९९५ साली आले. त्यानंतर १९९८ साली मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती (एकाच सर्व्हरवर अनेकांना दुरून काम करू देणारी) काढली आणि तिच्याबरोबर आरडीपी (रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉल) हा दोन संगणकांमधल्या देवाणघेवाणीचा नियमसंच आला. गंमत अशी की आरडीपीचा पाया टी.१२० या आंतरराष्ट्रीय मानकांच्या कुळातला होता आणि ते कूळ मुळात दूरस्थ बैठकांसाठीच रचलेले होते. मात्र त्या रचनेत टी.१२० कडे केवळ माहितीची देवाणघेवाण होती. आवाज आणि चित्र एच.३२३ या दुसऱ्या मानकाकडे सोपवलेले होते. साहजिकच बैठकीच्या घराण्यात जन्मूनही आरडीपी मुकाच राहिला. तेव्हा कोणाचे अडलेही नाही, कारण टर्मिनल सर्व्हरवर हिशेब आणि नोंदी करणाऱ्याला आवाजाची गरज नव्हती.

२००१ साली विंडोज एक्सपीसोबतच्या आरडीपी ५.१ मध्ये दूरच्या संगणकाचा आवाज इकडच्या स्पीकरवर ऐकू येऊ लागला. माइकचा आवाज उलट दिशेने नेण्याची सोय मात्र विंडोज ७ सोबत, २००९ मध्ये आली. मधल्या आठ वर्षांच्या अंतरामागे गरजेचा प्रश्न होता, तसा तंत्राचाही होता. ऐकायचा आवाज थोडा साठवून, किंचित उशिराने वाजवला तरी चालते. संभाषणात तसे चालत नाही. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, आणि त्या काळी आरडीपीची सारी वाहतूक टीसीपी या, माहितीची पाकिटे क्रमाने पोहोचवणाऱ्या, पद्धतीवरून होत असे, म्हणजे एखादे पाकीट हरवले की ते पुन्हा येईपर्यंत मागची सगळी खोळंबत. हरवलेल्या पाकिटासाठी न थांबणाऱ्या यूडीपी या पद्धतीचा मार्ग २०१२ साली, आरडीपी ८.० पासून खुला झाला.

या क्रमाच्या खुणा आजही दिसतात. विंडोजमधल्या रिमोट डेस्कटॉप कनेक्शनच्या खिडकीत ‘लोकल रिसोर्सेस’ या भागातल्या रिमोट ऑडिओच्या सेटिंग उघडल्या, तर वर ऐकण्याचा आणि खाली रेकॉर्डिंगचा प्रश्न असतो. ऐकण्याचे उत्तर आधीपासून ‘या संगणकावर वाजवा’ असे निवडलेले असते, रेकॉर्डिंगचे मात्र ‘रेकॉर्ड करू नका’ असे. म्हणूनच साहेब ऐकू येतात आणि आपण मुके राहतो. शिवाय विंडोज सर्व्हर २००८ आर२ या सर्व्हरसाठीच्या विंडोजच्या मूळ सेटिंगमध्ये दोन्ही दिशांचा आवाज बंदच असे. तो कंपनीच्या संगणक-व्यवस्थापकाने सर्व्हरच्या बाजूने, उदाहरणार्थ ग्रुप पॉलिसी या सामाईक नियमांतून, सुरू करावा लागे. अशा वेळी घरबसल्या कितीही बटणे दाबली तरी उपयोग नसतो, हे कोणी सांगत नाही.

कॅमेऱ्याची वाट सर्वांत लांबची. कनेक्टिक्स कंपनीचा क्विककॅम हा वेबकॅम १९९४ साली बाजारात आला, पण प्रत्येक कंपनीच्या कॅमेऱ्याला वेगळा ड्रायव्हर (उपकरण चालवणारे छोटे सॉफ्टवेअर) लागण्याची कटकट २००३ मधल्या यूव्हीसी या यूएसबी कॅमेऱ्यांच्या समान मानकाने कमी केली. व्हर्च्युअल डेस्कटॉपवर आधी सुचलेला उपाय सरधोपट होता : कॅमेऱ्याची यूएसबी जोडणीच उचलून नेटवर्कवरून पलीकडे न्यायची. पेनड्राइव्हला हे चालते. कॅमेऱ्याचे चित्र मात्र वेळच्या वेळी पोहोचावे लागते आणि त्याचा कच्चा डेटा अवाढव्य असतो. ६४० बाय ४८० चे चित्र, प्रत्येक बिंदूला दोन बाइट आणि सेकंदाला ३० चित्रे, एवढे धरले तरी सेकंदाला सुमारे १४७ मेगाबिट होतात. घरच्या ब्रॉडबँडच्या अपलोडला हे झेपण्याची अपेक्षाच चुकीची होती.

त्यामुळे चित्र इकडेच आकुंचित करून पाठवायचे आणि पलीकडे आभासी कॅमेरा उभा करायचा, ही पद्धत रूढ झाली. सिट्रिक्सने ती आपल्या एचडीएक्स या तंत्रात आणली, व्हर्च्युअल डेस्कटॉप पुरवणाऱ्या व्हीएमवेअर कंपनीने २०१३ च्या सुमारास रिअल-टाइम ऑडिओ-व्हिडिओ या नावाने दिली. मायक्रोसॉफ्टच्या आरडीपीत कॅमेऱ्यासाठी स्वतंत्र मार्ग विंडोज १० च्या २०१८ मधल्या आवृत्तीपासून मिळाला. तो सुरू करण्याची टिक ऑडिओच्या रकान्यात नसून ‘लोकल रिसोर्सेस’मधल्याच ‘मोअर’ या बटणाआड, ‘व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइसेस’ या नावाखाली आहे. ती केल्यावरही दोन्हीकडच्या विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कॅमेऱ्याला परवानगी लागते.

टाळेबंदीच्या काळात यावर आणखी एक थर चढला. टीम्ससारख्या ऑनलाइन बैठकांच्या ॲपचा आवाज आणि चित्र दूरच्या संगणकातून फिरवून आणण्याऐवजी थेट घरच्या लॅपटॉपवरून पाठवण्याची सोय २०२० साली मायक्रोसॉफ्टच्या व्हर्च्युअल डेस्कटॉपवर आली. ती चालू असेल, तर टीम्सपुरत्या रिमोट डेस्कटॉपच्या वरच्या सेटिंग गौण ठरतात आणि माइक-कॅमेरा टीम्सच्याच सेटिंगमध्ये निवडावा लागतो. व्हर्च्युअल डेस्कटॉपवरच्या ब्राउझरमधून भरवलेली बैठक मात्र सहसा जुन्याच वाटेने जाते. आपला कॉल कोणत्या वाटेने चालला आहे ते टीम्सच्या ‘अबाउट’मध्ये कळते : नवी सोय लागू असेल, तर तिथे ‘मीडिया ऑप्टिमाइज्ड’ असे शब्द दिसतात.