ढगाआडच्या विमानाचा नंबर

जुलैत पावसानं दडी मारली, पराटी माना टाकायला लागली, की धुऱ्यावर हमखास ऐकू येतं, "गुरुजी, हे इमानच ढग हाकलते पहा!" वर बघावं तर निळ्या आभाळात पांढरा पट्टा. तो पट्टा म्हणजे इंजिनातून निघालेली वाफ, वरच्या कडक थंडीत गोठलेली. त्यानं ढग पळत नाहीत. तरी हा समज दरवर्षी ऐकतो, म्हणून हे लिहितोय. ते विमान कोणतं, हे आपल्याला तपासता येतं. विमान स्वतःच ते सांगत जातं.

सांगतो तो ट्रान्सपॉन्डर, म्हणजे विमानातलं रेडिओवर उत्तर देणारं यंत्र. जमिनीवरचं रडार १०३० मेगाहर्ट्झवर विचारतं, हा १०९० वर उत्तर देतो. त्याच्याजवळ दोन नंबर असतात आणि त्यांचीच गल्लत होते. पहिला चार आकडी, स्क्वॉक. नियंत्रण कक्ष तो देतो आणि वैमानिक यंत्रात भरतो. प्रत्येक आकडा तीनच बिटांचा (बिट म्हणजे ० किंवा १ ची एक जागा), म्हणून तो ० ते ७ एवढाच; ८ आणि ९ त्यात नाहीत. एकूण ४०९६ नंबर होतात. एवढे जगाला कुठून पुरणार? आज या विमानाला दिलेला उद्या दुसऱ्याला जातो. ७५०० अपहरणासाठी, ७६०० रेडिओ बंद पडल्यास, ७७०० आणीबाणीत.

दुसरा नंबर त्या विमानाचाच, २४ बिटांचा. सहसा विमान दुसऱ्या देशात नोंदवलं गेलं तरच तो बदलतो. असे १,६७,७७,२१६ नंबर होतात आणि देशोदेशी वाटून दिलेले आहेत. भारताच्या वाट्याचे सगळे एक आणि पुढे पाच शून्यं असे सुरू होतात. उरलेल्या १८ बिटांत २,६२,१४४ विमानं मावतात.

आता खरी गंमत. आजची बहुतेक प्रवासी विमानं कुणी न विचारताही संदेश सोडतात. आधी ८ मायक्रोसेकंदांची सलामी, मग ११२ बिट. एका बिटाला एक मायक्रोसेकंद. त्याच्या पहिल्या अर्ध्यात स्पंद आला तर १, दुसऱ्या अर्ध्यात आला तर ०. नववा ते बत्तिसावा बिट म्हणजे विमानाचा नंबर. पुढच्या ५६ बिटांत उंची, जागा, वेग यांपैकी काहीतरी. शेवटचे २४ आधीच्या ८८ बिटांवरून गणित करून काढलेले. घेणाऱ्यानंही तेच गणित करायचं. जुळलं नाही तर संदेश वाटेत बिघडला, टाकून द्यायचा.

हे ऐकायला मी स्लॅबवर ६.९ सेंटिमीटरची तांब्याची तार उभी केली आहे. १०९० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेसत्तावीस सेंटिमीटर, तार तिच्या पाव. खाली लॅपटॉपला टीव्हीच्या लहरी पकडणारा छोटा डोंगल. आमच्या डोक्यावरून मुंबई–कोलकाता आणि दिल्ली–चेन्नई अशा दोन्ही वाटा जातात, त्यामुळे पडदा रिकामा राहत नाही.

परवा पाऊस लागला तेव्हा धुऱ्यावर विमानाला दोष देणाऱ्या एका काकांना घरी बोलावलं. बाहेर आभाळ गच्च, पत्र्यावर सरी. पडद्यावर तासाभरात अकरा विमानं गेली, पस्तीस हजार फुटांच्या आसपास, आपल्याच गावावरून. काकांनी एकेक नंबर बोटानं मोजला. मग दारात जाऊन त्यांनी वर पाहिलं. पाऊस पडतच होता.